मर्ल ओबेरॉन: मुंबईत जन्मलेली, जन्मभर टास्मानियाची म्हणून जगलेली

सायली_गिरगाव:

मंडळी, गेले तीन आठवडे डोक्यात एकच बाई आहे म्हणून शेवटी हा धागा काढतेय. जरा मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

सुरुवात झाली ती १९३९ च्या ‘वुदरिंग हाइट्स’ने. कॉलेजात असताना कादंबरी वाचली होती पण पिक्चर राहून गेला होता, तो आत्ता पाहिला. त्यात एक स्वयंपाकघरातला सीन आहे. बाहेर वादळ चाललंय, नायिका कॅथी घरातल्या मोलकरीण एलनला सांगतेय की श्रीमंत शेजारी एडगरने मागणी घातलीय, आणि बोलता बोलता तिचं तिलाच उमगतं की घरात वाढलेला अनाथ हीथक्लिफ आणि आपण काही वेगळे नाहीच, मीच हीथक्लिफ आहे असं ती म्हणून जाते आणि त्याच क्षणाला वीज चमकून तिचा चेहरा लख्ख उजळतो. मी तिथे थांबवून तो सीन परत पाहिला, मग परत पाहिला. समोर लॉरेन्स ऑलिव्हिएसारखा नट अख्ख्या पिक्चरभर आहे आणि तरी माझ्या डोळ्यांपुढून ही बाई जात नव्हती. कोण ही म्हणून शोधायला गेले तर पहिल्याच ओळीत जन्मस्थळ: मुंबई. १९ फेब्रुवारी १९११. मी गिरगावात वाढले, इतके इंग्लिश पिक्चर बघितले, आणि हे मला कुणी म्हणजे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

पाळण्यातलं नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरात लाडाने क्वीनी म्हणायचे. ज्या शार्लट सेल्बीला ती जन्मभर आई म्हणाली ती सिलोनकडची, मिश्र वंशाची बाई. आणि खरं म्हणजे ती तिची आजी होती. जन्माच्या नोंदीत आई म्हणून नाव आहे कॉन्स्टन्सचं, म्हणजे शार्लटच्या मुलीचं. मर्लचा जन्म झाला तेव्हा ती स्वतःच लहान मुलगी होती, त्यामुळे घरात ठरलं की बाळ आजीचं म्हणून वाढवायचं आणि कॉन्स्टन्सला ताई म्हणायचं. वडील आर्थर थॉम्पसन इंग्रज, इथे रेल्वेत इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात गेले ते १९१६ मध्ये तिकडेच वारले. मग १९१७ च्या सुमारास शार्लट पोरीला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथे ला मार्टिनिएर शाळेत प्रवेश मिळाला पण बाकीच्या मुलींनी रंगावरून आणि आईवरून इतकं छळलं की शाळा सुटलीच. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकमंडळी, चौरंगीवरच्या फिर्पोज रेस्टॉरंटमध्ये नाच, आणि विशीच्या आत युरोपची बोट.

लंडनमध्ये कॅफे द पारी या नाइटक्लबमध्ये क्वीनी ओब्रायन नावाने होस्टेस होती, पिक्चरमध्ये गर्दीतली कामं करत होती. तिथून अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेत आली. हंगेरीहून आलेला हा माणूस, लंडन फिल्म्सचा मालक, ब्रिटिश सिनेमाला जगाच्या बाजारात उभं करणारा. त्याने तिला १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ॲन बोलीनचं काम दिलं, शिरच्छेदाच्या आधी आरशासमोर केस सावरणारी राणी. काम मोजून काही मिनिटांचं, पण लोकांनी लक्षात ठेवलं. त्याच पिक्चरसाठी चार्ल्स लॉटनला ऑस्कर मिळालं. पुढच्या वर्षी लेस्ली हॉवर्डबरोबर ‘द स्कार्लेट पिम्परनेल’, मग हॉलिवूड, आणि १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन. मिळालं बेटी डेव्हिसला, पण नामांकनाच्या यादीत मुंबईची मुलगी होती आणि तिथल्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

कारण तोवर कोर्डाच्या प्रसिद्धीवाल्यांनी तिला नवा जन्म दिला होता. जन्मगाव ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचं होबार्ट, आईवडील गोरे, लहानपणी भारतात आलेली. ही गोष्ट तिने १९७९ मध्ये जाईपर्यंत निभावली.

मला एवढंच म्हणायचंय की ही बाई आपल्या मुंबईची आहे आणि तिची ओळख फक्त ‘रंग लपवलेली नटी’ एवढीच राहू नये. तिचं काम बघा. तुमच्यापैकी कुणी बघितलंय का? आणि अजून काही माहीत असेल तर लिहा.


नंदन७१:

लेख छान झालाय, पण मला मनापासून पटलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे एक सवय आहे, कुणीही बाहेर मोठं झालं की आजी पणजी शोधून काढायची आणि आपलाच म्हणायचं. जिने स्वतः उभ्या आयुष्यात एकदाही मुंबईचं नाव घेतलं नाही, तिला आपण कशासाठी डोक्यावर घ्यायचं? आणि मी तिच्याबद्दल जे वाचलंय त्यातली एक गोष्ट मला पचतच नाही. लंडनला शार्लट तिच्याच घरात राहायची आणि पाहुणे आले की ती मोलकरीण आहे असं सांगितलं जायचं, ती साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन यायची असं वर्णन चरित्रांत आहे. ज्या बाईने नातीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, एकटीने बोटीतून विलायतेला नेलं, तिला स्वतःच्या दिवाणखान्यात नोकर व्हायला लागलं. अभिनय चांगला असेलही. मला ते चित्र डोळ्यांपुढून हलवता येत नाही.


केतकी_प:

नंदनदादा, तुमचा राग समजतो, पण त्या काळात ती खरं बोलली असती तर काय झालं असतं ते आधी बघूया, कारण नुसतं ‘तिने नाकारलं’ म्हणून सोडून देणं हा तिच्यावर अन्याय आहे असं मला फार वाटतं.

अमेरिकेत १९१७ च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना दार बंद होतं, त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या शीख माणसाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. ही परिस्थिती बदलली १९४६ ला, आणि तेव्हाही कोटा किती, तर वर्षाला शंभर हिंदुस्थानी. मर्ल तिकडे गेली १९३४-३५ मध्ये. त्याच सुमाराला सिनेमासाठीची हेज संहिता कडकपणे लागू झाली होती, पडद्यावर वेगवेगळ्या वंशांच्या माणसांचं प्रेम दाखवायला मनाई. म्हणजे ती हिंदुस्थानी रक्ताची आहे हे जाहीर झालं असतं तर ‘द डार्क एंजल’मध्ये नायक फ्रेडरिक मार्चच्या मिठीतली नायिका तिला कुणी करूच दिली नसती.

आणि हे काही मी कल्पनेने बोलत नाही, जिने लपवलं नाही तिचं काय झालं ते समोर आहे. ॲना मे वाँग, लॉस एंजलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नटी, त्या वेळी जगभर नाव झालेली. ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकऱ्याची बायको तिला करायची होती. नायक पॉल म्युनी गोरा, मग नायिकाही गोरीच हवी, म्हणून काम गेलं लुईस रायनरला, चेहऱ्याला मेकअप फासून, आणि त्यासाठी रायनरला ऑस्कर मिळालं.

अजून एक जवळचं उदाहरण द्यायचंय. त्याच कोर्डाच्या कंपनीत त्याच वर्षांत आपल्या म्हैसूरचा साबू होता, माहुताचा पोरगा, १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’मधून जगभर गाजला. तो हिंदुस्थानी आहे हे पोस्टरवर मिरवलं जायचं, आणि मग त्याला मिळायच्या हत्तीवरच्या, जंगलातल्या, जादूच्या सतरंजीच्या भूमिका. एकाच मालकाकडे दोघं. एकाने सांगितलं म्हणून तो जंगलात राहिला, दुसरीने लपवलं म्हणून तिला कॅथी मिळाली. यात मी तिला दोष कसा देऊ?


नंदन७१:

साबूचं उदाहरण फार नेमकं आहे केतकीताई, या बाजूने मी विचार केला नव्हता. करिअरपुरतं तुमचं म्हणणं मान्य करतो. पण १९४६ नंतर? १९६० नंतर? तेव्हा तर ती श्रीमंत होती, मेक्सिकोत मोठं घर होतं, कुणाची भीती होती? मी वाचलंय की कॉन्स्टन्सचा एक मुलगा, जो स्वतःला तिचा भाचा समजत होता, त्याने मुंबईच्या सरकारी दफ्तरातून मर्लचा जन्मदाखला काढला, आईच्या रकान्यात स्वतःच्याच आईचं नाव बघितलं, म्हणजे आपण भाचा नसून भाऊ आहोत हे त्याला एका कागदावर कळलं. तो तिला भेटायला लॉस एंजलिसला गेला आणि तिने भेट दिली नाही. तो काही तिचं बिंग फोडायला गेला नव्हता हो, बहिणीला बघायला गेला होता.


भुसावळचा_शिरीष:

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहावंसं वाटलं. माझे आजोबा भुसावळला लोको शेडमध्ये फिटर होते, लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेल्या. पलीकडच्या बंगल्यांत पूर्वी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड लोक राहायचे. भुसावळ, इगतपुरी, लोणावळा, कल्याण, ही सगळी त्यांची गावं. आमच्या वेळेपर्यंत फार थोडी घरं उरली होती, बाकीचे इंग्लंड नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघून गेलेले.

त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे आजी मला लोणचं द्यायला पाठवायची. त्या माझ्याशी खणखणीत वऱ्हाडी-खानदेशी मिसळ मराठीत बोलायच्या, पण इंग्लंडचा उल्लेख करताना ‘होम’ म्हणायच्या, आणि त्या तिकडे एकदाही गेलेल्या नव्हत्या. नातवंडं उन्हात खेळायला निघाली की दारात उभं राहून हॅट घातल्याशिवाय पाय बाहेर टाकू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं ऊन लागू नये म्हणून, खानदेशातलं ऊन काय असतं ते सांगायला नको. एकदा आजीने सांगितलं की ते ऊन लागू नये म्हणून नाही रे, ती पोरं काळवंडली तर रेल्वेत वरच्या जागा मिळत नसत, एकाच घरातल्या दोन भावांत गोरा ड्रायव्हर व्हायचा आणि सावळा फायरमन राहायचा. तोपर्यंत इंग्रज जाऊन तीस वर्षं झाली होती. नोकरीचा तो हिशोब कधीच संपला होता, हॅट मात्र होतीच.

नंदनदादांनी विचारलं ना की १९६० नंतर कुणाची भीती होती, म्हणून हे लिहिलं. मला वाटतं लहानपणी एकदा अंगात भिनलेली भीती कायदा बदलला म्हणून जात नाही. आणि मर्लने तर ती खोटी गोष्ट नवऱ्यांना, मुलाखतकारांना, स्वतःच्या दत्तक मुलांनाही सांगितलेली असणार, एक वीट काढली की सगळी भिंत पडणार.


लाईटवाला_बंड्या:

सायलीताई, धागा वाचून उड्या मारतोय कारण तुमच्या या बाईचं नाव आम्ही लोक कामावर घेतो! मी वीस वर्षं शूटिंगला लाईटमध्ये आहे, मराठी सिरियल, पिक्चर, जाहिराती सगळं केलंय. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या अगदी जवळ, वर किंवा बाजूला, एक छोटा लाईट लावतात त्याला ‘ओबी’ म्हणतात. नटाच्या डोळ्यांत चमक येते आणि चेहऱ्यावरचे बारीकसारीक खड्डे, डाग, सुरकुत्या भरून निघतात. हे ओबी म्हणजे ओबेरॉन. मला हे एका जुन्या जाणत्या कॅमेरामनने सांगितलं होतं, पण ओबेरॉन म्हणजे हॉटेलवाले असावेत असंच मी धरून चाललो होतो.

गोष्ट अशी. १९३७ च्या मार्चमध्ये लंडनला तिच्या मोटारीला अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या. तेव्हा ‘आय, क्लॉडियस’चं शूटिंग चालू होतं, लॉटन बरोबर होता, दिग्दर्शक फॉन स्टर्नबर्ग, तो पिक्चर तिथेच बंद पडला तो कायमचा. पुढे १९४४ च्या ‘द लॉजर’ला कॅमेरामन होता लुसिएन बॅलार्ड, त्याने तिच्या चेहऱ्यावरच्या खुणा दिसू नयेत म्हणून हा लाईट तयार केला. पुढच्या वर्षी दोघांनी लग्नही केलं.

आता हे काम कसं करतं ते सांगतो. वरून किंवा बाजूने लाईट मारला की खड्ड्याच्या एका कडेला सावली पडते, आणि खड्डा दिसतो तो त्या सावलीमुळे. पण लाईट जर लेन्सच्याच जागेवरून गेला तर सावली पडते ती वस्तूच्या बरोब्बर मागे, कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. म्हणजे डाग तिथेच असतो, फक्त कॅमेरा जिथून बघतोय तिथून तो नसतो. मात्र हा लाईट मंद ठेवावा लागतो, जरा जास्त झाला की चेहरा सपाट पापडासारखा दिसतो, नाकाचा उंचवटासुद्धा जातो. ‘द लॉजर’ बघा, अख्खा पिक्चर लंडनच्या धुक्यात काळाकुट्ट, जॅक द रिपरची गोष्ट, आणि त्या अंधारात हिचा चेहरा तेवढा दिव्यासारखा. माणसाचं प्रेम असल्याशिवाय असं लाईटिंग होत नाही हे मी अनुभवाने सांगतो.


केतकी_प:

बंड्यादादा, काय सुंदर समजावलंत! यात भर म्हणून, तिच्या कातडीचे हाल नुसत्या अपघाताने झाले नव्हते. रंग उजळ दिसावा म्हणून ती वर्षानुवर्षं जी प्रसाधनं लावायची त्यांचा आणि सल्फा औषधांच्या ॲलर्जीचा मिळून १९४० मध्ये चेहऱ्यावर फार वाईट परिणाम झाला, न्यूयॉर्कला जाऊन कातडी घासून काढायचे उपचार घ्यावे लागले. हे वाचताना अंगावर काटा आला, कारण आपल्याकडे अजून लग्नाच्या जाहिरातीत गोरी मुलगी हवी असते आणि मेडिकलच्या दुकानात गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबा काउंटरवरच असतात.


मुक्ता_मेलबर्न:

मी ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षं आहे, टास्मानियाला दोनदा जाऊन आले. तिथल्या जुन्या लोकांमध्ये मर्ल ओबेरॉन आमचीच हे इतकं घट्ट बसलेलं होतं की होबार्टमध्ये तिच्या नावाचं थिएटरसुद्धा होतं. यावर २००२ ची एक डॉक्युमेंटरी आहे, ‘द ट्रबल विथ मर्ल’, मरे डेलॉफस्की या ऑस्ट्रेलियन बाईंनी केलेली, अवश्य बघा. नंदनदादांनी सांगितलेली जन्मदाखल्याची गोष्ट त्यातच आहे.

मला त्यात सगळ्यात भिडलं ते हे की टास्मानियातल्या लोकांनी प्रसिद्धीवाल्यांची कोरडी गोष्ट घेतली आणि तिच्यात स्वतःचं माणूस शोधलं. तिथे लोककथाच तयार झाली की मर्ल ही लॉटी चिंटॉक नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या बाईची मुलगी. म्हणजे बघा, तिचे डोळे, गालाची हाडं बघून तिथल्या लोकांना मनात कुठेतरी कळत होतं की ही पूर्ण गोरी नाही, काहीतरी झाकलंय, आणि त्यांनी त्याचं उत्तर आपल्याच गावातल्या झाकलेल्या गोष्टींत शोधलं. गोष्ट चुकीची होती पण त्यांची नजर चुकीची नव्हती.

१९७८ मध्ये तिला होबार्टला मानाने बोलावलं, टाऊन हॉलमध्ये महापौरांचा समारंभ. आयुष्यभर ज्या गावाला जन्मगाव म्हटलं त्या गावात सगळे कौतुकाने बघतायत, कुठली गल्ली, कुठलं घर, कुठली शाळा विचारतायत. तिची तब्येत बिघडली, बाकीचे दिवस ती हॉटेलच्या खोलीतच राहिली. तिथे गेल्यावर आपण इथे जन्मलोच नाही असंही ती बोलून गेली म्हणतात, आणि त्याआधी समारंभाला जाताना गाडीत ड्रायव्हरला नवीनच काहीतरी सांगितलं होतं, वडिलांबरोबर बोटीने जाताना ते आजारी पडले म्हणून आम्ही इथे उतरलो होतो. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला ती कॅलिफोर्नियात मालिबूला गेली, पक्षाघाताने. ६८ वर्षांची होती.

मला स्वतःला परदेशात रोज कुणीतरी विचारतं तू मूळची कुठली, आणि मी नाशिक म्हणते, मग नाशिक कुठे ते सांगते, द्राक्षं, गोदावरी, कुंभमेळा, सांगताना मला बरं वाटतं. हिला जवळजवळ पन्नास वर्षं ते सुख मिळालं नाही.


अरुंधती_काकू:

सगळ्यांनी इतकं चांगलं लिहिलंय, पण सायली, तू म्हणालीस तिचं काम बघा आणि कामाबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी लिहिते. आमच्या तरुणपणी फिल्म सोसायटीत जुने इंग्लिश पिक्चर सोळा मिलिमीटरवर दाखवायचे, तेव्हापासून मला हिचं वेड आहे.

‘वुदरिंग हाइट्स’बद्दल लोक नेहमी ऑलिव्हिएचं कौतुक करतात. त्याला तर ही नायिका नकोच होती, त्याला स्वतःची प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती. निर्माता गोल्डविनने ऐकलं नाही, व्हिव्हियनला इझाबेलाचं काम देऊ केलं, ते तिने नाकारलं. सेटवर दोघांची भांडणं व्हायची, प्रेमाचे संवाद म्हणताना ऑलिव्हिएच्या तोंडातून थुंकी उडते म्हणून ही चिडायची. दिग्दर्शक विल्यम वायलर एकेका शॉटचे ढिगाने टेक घेणारा माणूस. वादळाच्या सीनला पंख्यांनी गार पाण्याचा मारा करून करून हिला ताप भरला. यॉर्कशायरचा तो माळ कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर उभा केलेला. आणि एवढ्या सगळ्यातून ती मरणाच्या सीनला जे करते, हीथक्लिफ उचलून खिडकीशी नेतो आणि ती तो माळ बघते, तिथे आवाज अजिबात चढवत नाही, डोळे फक्त लांब कुठेतरी पोहोचतात. त्या वर्षी ‘गॉन विथ द विंड’ असतानासुद्धा न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘वुदरिंग हाइट्स’ निवडला होता. ऑस्कर मात्र एकच मिळालं, ग्रेग टोलंडच्या छायाचित्रणाला.

त्यात अगदी सुरुवातीला एक प्रसंग आहे. लहानगी कॅथी त्या अनाथ, काळ्यासावळ्या हीथक्लिफला सांगते की तू वेषांतर केलेला राजपुत्र आहेस, तुझा बाप चीनचा सम्राट आणि आई हिंदुस्थानची राणी. ते काम बालनटी करते, मर्ल नाही. पण मोठी झालेली कॅथी पडद्यावर येते तेव्हा माझ्या मनात दर वेळी हेच येतं की सेटवर हे वाक्य तिच्या कानांवर आलं असेल तेव्हा ती कुठे बघत असेल.

अजून दोन पिक्चर सांगते. १९३६ चा ‘दीज थ्री’, तोही वायलरचाच, शाळा चालवणाऱ्या दोन मैत्रिणी आणि एका पोरीच्या खोट्या कंडीमुळे त्यांची धूळधाण होते. अफवेने माणूस कसं संपतं हे हिच्या चेहऱ्यावर दिसतं, ती रडण्याचा आव आणत नाही, नुसती गप्प होत जाते. आणि १९४५ चा ‘अ साँग टु रिमेंबर’, संगीतकार शोपँवरचा, त्यात ही लेखिका जॉर्ज सँड, पुरुषी कोट आणि उंच हॅट घालून खोलीत शिरते तेव्हा बाकी सगळे फिके पडतात. उतारवयातलं मला फारसं काही भावलं नाही. १९५४ च्या ‘देझिरे’त ब्रँडोच्या नेपोलियनसमोर जोसेफिन केलीय ती चांगली आहे, १९७३ चा ‘इंटरव्हल’ तिने स्वतः काढला तो सोडून दिला तरी चालेल.

जाता जाता एक. व्हिव्हियन ली दार्जिलिंगची, १९१३ ची. मार्गारेट लॉकवूड आणि गूगी विदर्स, तेव्हाच्या ब्रिटिश सिनेमातल्या दोन मोठ्या नायिका, दोघींचा जन्म कराचीचा, आणि १९३६ पर्यंत कराची आपल्या मुंबई इलाख्यातच होती. त्यांना जन्मगाव सांगायला कधी अडचण आली नाही, त्यांना सगळे गोऱ्याच मानायचे.


नंदन७१:

काल रात्री ‘वुदरिंग हाइट्स’ पाहिला. काकू, खिडकीचा सीन तुम्ही म्हणता तसाच आहे. भावाला भेट नाकारली त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण आता ते रागाचं राहिलं नाही. भुसावळच्या त्या हॅटने माझं बरंच काम केलं शिरीषराव.


सायली_गिरगाव:

सगळ्यांचे खूप आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. २०२३ ला मलेशियाची नटी मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करला उभी होती तेव्हा अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांनी तिच्या नावापुढे ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ अशी काळजीपूर्वक शब्दरचना केली होती, ती मर्लमुळे. २०२५ मध्ये मयूख सेन यांचं तिच्यावरचं नवीन चरित्रही आलंय, ते मागवलंय.

नंदनदादा, शार्लटबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. ती १९३७ मध्ये वारली. पुढे १९४९ मध्ये मर्लने एका चित्रकाराकडून तिचं तैलचित्र करून घेतलं, जुन्या फोटोवरून, आणि रंग उजळ लावायला सांगितलं. ते चित्र ती जिथे राहील तिथल्या घरात लावायची. मी हे वाचल्यावर आधी तुमच्यासारखीच चिडले होते. मग आमच्या घरातला पणजीचा फोटो आठवला, गिरगावातल्याच स्टुडिओत मोठा करून रंगवलेला. पणजी चांगली सावळी होती, फोटोत गुलाबी गालांची आहे आणि गळ्यात तिच्याकडे कधीच नव्हती अशी मोत्यांची माळ आहे, चित्रकाराने आपणहून काढलेली. आजी रोज त्या फोटोला हार घालायची. तिला ती तिची आईच दिसायची.

काल ‘द डार्क एंजल’ मिळाला. त्यात फ्रेडरिक मार्चचा ॲलन युद्धात आंधळा होतो आणि ते कुणालाच कळू देत नाही. किटी, म्हणजे मर्ल, शेवटी त्याला भेटायला येते तेव्हा त्याने खोलीतली एकेक वस्तू कुठे आहे ते पाठ करून ठेवलेलं असतं, आपल्याला दिसतंय असं तो हुबेहूब वागतो, आणि ती समोर उभी राहून त्याचं ऐकत असते. तो सीन मी बघितला आणि मग लाईट लावून बराच वेळ तशीच बसले. प्रिंट फार चांगली नाहीये, आवाज मधेमधे खरखरतो, पण शेवटची वीस मिनिटं हेडफोन लावून बघा.